म्युरियलचं दुसरं बारसं

माझं नाव क्लेमंट ऑर्पवुड. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण गेलं वर्षभर बायको सोडून कुणीही मला त्या नावानं हाक मारलेली नाही. सगळे मला म्युरियल म्हणतात. स्टॅफर्डच्या वजनमाप खात्यात मी एकतीस वर्षं काढली आणि उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झालो. माझ्या सायकलची घंटा ऐकली की तालुक्यातले खाटीक तराजू पुसायला घेत. अशा माणसाला सकाळी दात घासताना पलीकडच्या बोटीवरून एक दाढीवाला गडी "काय म्युरियल, झाली का झोप?" असं विचारतो, आणि तोंडात फेस असल्यामुळे त्याला नुसती मान डोलवावी लागते.

कालव्यावरची रीतच तशी आहे. इथे माणूस बोटीच्या नावानं ओळखला जातो. 'केस्ट्रेल' नावाच्या बोटीवर राहणाऱ्या बाई त्या केस्ट्रेल, 'जेरिको'वरचा म्हातारा तो जेरिको. खरी नावं फक्त डॉक्टरला ठाऊक असतात, आणि तोही तीन गावं मागं राहिलेला असतो. आम्ही घेतलेली बोट लाल होती, आणि तिच्या दोन्ही अंगांवर पिवळ्या अक्षरांत 'म्युरियल' असं लिहिलेलं होतं. ही म्युरियल कोण, हे विकणाऱ्यालाही माहीत नव्हतं. तरी बोट घेतल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी म्युरियल झालो, आणि माझी बायको ग्वेन, तीही म्युरियल झाली. दोघं एकत्र दिसलो तर घोटाळा नको म्हणून लोक तिला थोरली म्युरियल आणि मला धाकटी म्युरियल म्हणू लागले, कारण ती माझ्याहून चार इंच उंच आहे.

मी ते सोसत होतो. सोसण्याचं कारण एकच, ती बोट मला जिवापाड आवडते. सात फूट रुंदीच्या त्या लोखंडी बोळात मी जितका सुखी आहे तितका मी आयुष्यात कुठेही नव्हतो. शेगडीत कोळसा घालावा, खिडकीशी चहा घेऊन बसावं, नाकासमोरून बदकं जावीत, आणि कुणाचाही तराजू तपासायचा नसावा. यापलीकडे माणसाला काय हवं असतं, हे मला खरोखर कळत नाही.

ग्वेनला मात्र कळत होतं. ऑगस्टअखेरची गोष्ट. ती दूध घेऊन आली आणि पिशवी खाली न ठेवताच म्हणाली, "क्लेमंट, पुलाखाली एका बाईनं मला विचारलं, म्युरियल, तुमचं माहेर कुठलं?"

"मग?"

"मग मी उत्तर दिलं. एकदासुद्धा अडखळले नाही. मी म्युरियल असल्यासारखं सरळ उत्तर दिलं." तिनं पिशवी ठेवली. "अकरा महिन्यांत एका माणसानं मला माझ्या नावानं हाक मारलेली नाही."

"मी मारतो की."

"तू माणूस नाहीस, नवरा आहेस."

मग तिनं तारीख सांगितली. स्टॅफर्डचं आमचं घर आम्ही फ्रॉगट नावाच्या दंतवैद्याला वर्षाच्या करारावर दिलं होतं, आणि तो करार तीस सप्टेंबरला संपत होता. "त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बोटीवर माझं नाव लागलेलं पाहिजे," ग्वेन म्हणाली. "दोन्ही बाजूंना. लागलं तर राहू. नाहीतर मी डॉक्टरला सांगते सामान आवर, आणि जाते माझ्या घरी. तुला यायचं तर तूही ये, धाकट्या म्युरियल."

एका शब्दाचं रंगकाम, महिनाभराची मुदत. मी हसलो. ते हसणं मला पुढे फार दिवस आठवत राहिलं.

कालव्यावर कुठलंही काम काढलं की आधी सल्ले येतात, मग वस्तू येतात. जेरिको हा चाळीस वर्षं पाण्यावर काढलेला म्हातारा. त्यानं माझा बेत ऐकून चहाचा कप खाली ठेवला. "बोट पाण्यात असताना नाव बदलू नये रे राजा. पाण्याबाहेर काढायची, सुक्यात बदलायचं, मग पुन्हा सोडायची. त्या 'विलो'वाल्यानं पाण्यातच बदललं होतं. आठ दिवसांत मेव्हणा राहायला आला."

"मग?"

"मग काय मग? अजून आहे."

मी अंधश्रद्धाळू नाही, पण ग्वेनलाही एक भाऊ आहे. म्हणून मी बोट सुक्यात काढणाऱ्या गोदीत फोन केला. त्यांनी फेब्रुवारीतली तारीख दिली, आणि तीही कुणी मेलं तर असं म्हणाले.

केस्ट्रेलबाई पूर्वी शाळेत मुख्याध्यापिका होत्या आणि अजूनही बोलताना समोरच्याची नखं बघतात. त्या म्हणाल्या, "ते मेव्हण्याचं राहू दे. कार्यालयात अर्ज केलास का? नोंदणीत नाव बदलल्याशिवाय बोटीवर नाव बदललंस तर दंड होतो."

म्हणून मी कालव्याच्या कार्यालयात फोन केला. चाळीस मिनिटं बासरी ऐकल्यावर एका मुलीनं फार गोड आवाजात नियम सांगितला. अर्जासोबत बोटीच्या दोन्ही बाजूंचे, नवं नाव लिहिलेले फोटो जोडावे लागतात. आणि अर्ज मंजूर होईपर्यंत बोटीवर नवं नाव लिहायला मनाई आहे. मी तिला पुन्हा एकदा सांगायला लावलं. माझी उभी हयात सरकारी खात्यात गेली, पण इतका घोटीव, इतका निर्दोष नियम मला स्वतःला कधी करता आला नाही. मी तिचे मनापासून आभार मानले आणि सरळ रंगाऱ्याकडे गेलो.

विल्फ ट्रँटर हा आमच्या पट्ट्यातला अक्षरं रंगवणारा शेवटचा चांगला माणूस. तो घाई करत नाही. पहिल्या दिवशी त्यानं घोडवाटेवर खुर्ची टाकली (पूर्वी बोटी ओढणारे घोडे कालव्याच्या ज्या काठानं जात, ती ही वाट) आणि बोटीकडे नुसतं बघितलं. दुसऱ्या दिवशी हिरवा हात मारला. मग पाऊस लागला तो बारा दिवस. तेवढ्या दिवसांत त्यानं आमच्याकडे बसून ग्वेनच्या हातचे तीन लिंबाचे केक संपवले. पाऊस थांबल्यावर मात्र दोन दिवसांत त्यानं जे काढलं ते बघून माझा राग पळाला. हिरव्या जमिनीवर सोनेरी 'ग्वेन', प्रत्येक अक्षराला लाल सावली आणि शेवटी एक गुलाब. ग्वेन काठावर उभी राहून बराच वेळ बघत होती. "गुलाब जरा मोठा झालाय," एवढंच म्हणाली, म्हणजे तिला फार आवडलं होतं.

"आता दुसरी बाजू," मी म्हणालो.

विल्फनं पलीकडच्या बाजूकडे बघितलं. तिथं अर्थातच पाणी होतं. "पाण्यावर चालायचा तो वेगळा," तो म्हणाला. "माझा गुडघा अधू आहे. तुम्ही बोट उलटी फिरवून आणा."

आता हे बोलायला सोपं आहे. आमचा कालवा बारा पावलं रुंद आणि आमची बोट वीस पावलं लांब. ती मनात आलं म्हणून फिरत नाही. त्यासाठी काही ठिकाणी काठ आत कोरून वळणाचं डबकं केलेलं असतं. त्यात बोटीचं नाक घालायचं, शेपूट फिरवायची आणि आल्या वाटेनं परत यायचं. आमच्या पुढचं असं डबकं पेनीफोल्डला, तीन मैलांवर, साठ फुटांपर्यंतच्या बोटींसाठी. आमच्या कागदपत्रांवर बोटीची लांबी साठ फूट होती. जेरिको म्हणाला, "मोजून घे एकदा." मी त्याच्याकडे बघितलं. वजनमाप खात्याच्या माणसाला हे सांगायचं म्हणजे भटजीला आचमन शिकवण्यासारखं होतं. मी मोजलं नाही.

मग इंजिनाचा पट्टा तुटला. तो मिळेपर्यंत एकोणतीस तारीख उजाडली. पाण्यात नाव बदललं ना, असं जेरिको एकदाही म्हणाला नाही, फक्त रोज सकाळी येऊन मेव्हण्याची चौकशी करून गेला.

तीस तारखेला सकाळी मी पाण्याची टाकी काठोकाठ भरून घेतली आणि आम्ही निघालो. विल्फ रंगाचे डबे घेऊन मोटारीनं पेनीफोल्डला येऊन थांबणार होता. जेरिको आणि केस्ट्रेलबाई आपापल्या बोटी घेऊन आमच्या मागून येत होते. त्यांना त्या बाजूला काम होतं असं दोघंही म्हणाले. मी सुकाणूवर होतो आणि ग्वेन लांब काठी घेऊन छपरावर बसली होती. एकदाच तिनं पिशवीतून फोन काढून घड्याळ बघितलं. मला घरी जायचं नव्हतं. त्या घराला तीन पायऱ्या आहेत, बाग आहे, गरम पाणी आहे, आणि मला ते अजिबात नको होतं. हे मी तिला सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "हवा बरी आहे."

पेनीफोल्डला मी बोटीचं नाक बेतानं डबक्यात घातलं आणि शेपूट फिरवली. ती फिरली, आणखी फिरली, आणि बरोबर कालव्याच्या मधोमध आडवी झाल्यावर थांबली. नाक डबक्यातल्या चिखलात रुतलं होतं आणि शेपूट घोडवाटेच्या दगडी काठाला टेकली होती. मी इंजिन मागं घेतलं, पुढं नेलं. पाणी काळं झालं, एक जुनी सायकल वर आली, पण बोट हलली नाही. थोडक्यात, आम्ही कालव्याला बूच मारलं होतं.

दहा मिनिटांत दोन्हीकडे बोटी साचल्या. उत्तरेकडून सर्वांत पुढं एक भाड्याची बोट होती. तिच्यावर समुद्री चाच्यांच्या काळ्या टोप्या घातलेले आठजण होते. त्यांतल्या एकाचं लग्न ठरलं होतं, आणि त्याचं दुःख हलकं करायला बाकीचे त्याला फिरवत होते. आता आमची रंगवलेली बाजू त्यांच्याकडे होती, आणि लाल बाजू दक्षिणेकडे, म्हणजे आमच्या ओळखीच्या लोकांकडे.

"म्युरियल!" दक्षिणेकडून जेरिको ओरडला. "तरी मी सांगत होतो!"

"अहो ग्वेन!" उत्तरेकडून एक टकला चाचा ओरडला. "ग्वेनमावशी, दार उघडा की!"

छपरावर ग्वेन काठीसकट थबकली. तिनं सावकाश मान वळवली.

"काय म्हणालास?" तिनं विचारलं.

"सॉरी मावशी. ग्वेन म्हणालो. नाव लिहिलंय ना." चाच्यानं टोपी काढली.

"बारा महिने," ग्वेन म्हणाली. ती कुणाशी बोलली ते चाच्याला कळलं नाही. मला कळलं, पण तेवढ्यात मागच्या बोटींवरूनही ओरडा सुरू झाला. "ग्वेन, इंजिन बंद करा!" "ग्वेन, चालू करा!" "ग्वेन, जेवायची वेळ झाली!" सगळे तिला शिव्या घालत होते, आणि ती बया गालाला हात लावून ऐकत होती.

अशा वेळी साहेब येतो. कार्यालयाचे पार्जेटर नावाचे गृहस्थ घोडवाटेवरून सायकलनं आले. हातात पाटी, पाटीला कागद, कानाला पेन. मला माझीच तरुणपणची आठवण झाली आणि मी सावरून उभा राहिलो.

"दोन तक्रारी आहेत," ते म्हणाले. "म्युरियल नावाच्या बोटीनं दक्षिणेकडून कालवा अडवलाय, आणि ग्वेन नावाच्या बोटीनं उत्तरेकडून. दुसरी कुठाय?"

"एकच आहे, साहेब."

"तक्रारी दोन आहेत."

पार्जेटरांनी आमच्या शेपटीशी उभं राहून डावीकडे वाकून वाचलं, मग उजवीकडे वाकून वाचलं. मग पुन्हा एकदा डावीकडे वाकून बघितलं, की मधल्या वेळात काही बदललं तर नाही. "ग्वेन नोंदणीत नाही," त्यांनी ठरवलं. "जी बोट नोंदणीत नाही ती कालव्यात नाही. त्यामुळे तिनं काही अडवलेलं नाही. उत्तरेकडच्या लोकांना थांबायचं कारण नाही असं मी लेखी कळवतो."

"आम्ही जायचं कुठून?" टकला चाचा म्हणाला.

"ते माझ्या अखत्यारीत नाही. म्युरियलचं बघू." त्यांनी खिशातून फीत काढली. एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन ते छपरावरून नाकापर्यंत चालत गेले. "बासष्ट फूट."

"कागदावर साठ आहे," मी म्हणालो.

"तुम्ही नोकरी कुठं केलीत?"

मी कालव्याच्या पाण्याकडे बघितलं. "वजनमाप खात्यात," दक्षिणेकडून जेरिकोनं सांगितलं. पार्जेटरांनी तेही लिहून घेतलं. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण तो फीत लावून मोजल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

"क्लेमंट," ग्वेन छपरावरून म्हणाली. "तुझे गोंडे."

बोटीच्या दोन्ही टोकांना धक्का बसू नये म्हणून दोरखंडाचे जाड गोंडे बांधतात. आमचे जुने झिजले होते. उन्हाळ्यात मी हौसेनं नवे घेतले होते, चांगले फूट-फूट जाडीचे. लोखंड साठ फूटच होतं. वरचे दोन फूट माझी हौस होती.

यानंतर जे झालं त्यात मला कुणी काही विचारलं नाही. ग्वेननं काठी माझ्या हातात दिली आणि ती छपरावर उभी राहिली. चार इंच उंच आहे म्हणालो, पण त्या दिवशी ती बरीच जास्त दिसत होती. "आधी मागचा गोंडा वर उचलून बांध," ती म्हणाली. "टकल्या, तू पुढचा सोड. टाकी नाकात आहे आणि या शहाण्यानं ती सकाळीच भरलीये. केस्ट्रेलबाई, आत जाऊन सगळे नळ सोडा, न्हाणीचासुद्धा! नाक हलकं झालं पाहिजे. चाचे सगळे आत या आणि मागच्या खोलीत जाऊन बसा!"

मागची खोली म्हणजे आमची झोपायची खोली. माझ्या देखत आठ चाचे बूट न काढता आमच्या पलंगावर ओळीनं बसले. नवरदेवानं माझा पायजमा उचलून बाजूला ठेवला, तोही घडी करून. न्हाणीतून पाणी धो धो बाहेर पडत होतं. जेरिको काठावर उतरून दोर ओढत होता, आणि पार्जेटरही पाटी काखेत मारून ओढत होते, मात्र हे लिहून घेणार नाही अशी अट आधीच घालून.

"ओढा!" ग्वेन ओरडली. नाकाखालून चिखलाचा मोठा बुडबुडा आला, मग बोट एकदा शिंकल्यासारखी हलली आणि सुळकन फिरली. दोन्हीकडून टाळ्या पडल्या. "शाबास, ग्वेन!" कोण ओरडलं कुणास ठाऊक, पण आवाज दक्षिणेकडून आला होता.

आम्ही काठाला बोट बांधली. अडकलेल्या बोटी एकेक करून पाण्याच्या बाजूनं पुढं सरकू लागल्या. आता ती रंगवलेली बाजू होती, म्हणून जाणारा प्रत्येकजण "येतो, ग्वेन!" म्हणत गेला. काहीजण माझ्याकडे बघूनही तेच म्हणाले. मी हात हलवला.

काठाकडे मात्र लाल बाजू आली होती आणि तिच्यावर म्युरियल लिहिलेलं होतं. विल्फ डबे घेऊन उभा होता. साडेचार वाजले होते. त्यानं आकाशाकडे बघितलं, आणि त्याच्या कपाळावर पहिला थेंब पडला.

"ओल्या पत्र्यावर रंग धरत नाही," तो म्हणाला. "मंगळवारी बघू. नाहीतर त्याच्या पुढच्या."

मी छत्री आणली, ताडपत्री आणली, दोन्ही धरून उभा राहतो म्हणालो. विल्फ म्हणाला, "अहो, अक्षरं आहेत ती, भजी नव्हेत." आणि डबे मोटारीत ठेवून निघून गेला. मी ताडपत्री घेऊन तिथंच बसलो. एकतीस वर्षांत कुणी माझ्याकडून एक दिवसाची मुदत मागितली तर मी कधी दिली नव्हती. आता माझ्यावर तीच वेळ आली होती आणि मागायला तोंड नव्हतं. बारा महिने ती दुसऱ्याच बाईच्या नावानं जगली, ते फक्त मला बदकं आवडतात म्हणून. हे मला त्या दिवशी, पावसात, अगदी स्वच्छ दिसलं.

"ग्वेन," मी म्हणालो, "आपण घरी जाऊ. तू म्हणशील तेव्हा."

ती काही बोलायच्या आत तिच्या पिशवीतला फोन वाजला. डॉक्टर फ्रॉगट होते. त्यांचा आवाज मोठा असल्यामुळे मलाही ऐकू येत होतं. सकाळपासून वाट बघतोय, खोकी आणून ठेवलीत, भांडी बांधू का नको ते एकदाचं सांगा, असं ते म्हणत होते. ग्वेन उठून काठावर उतरली. केस चिखलानं माखलेले, बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या. ती त्या लाल बाजूसमोर जाऊन उभी राहिली आणि पिवळी अक्षरं बघत राहिली.

"खोकी परत करा, डॉक्टर," ती म्हणाली. "आणखी वर्षभर राहा." पलीकडून डॉक्टरांनी काहीतरी विचारलं. "छे हो, मी आत्ता कशी येणार?" ग्वेन म्हणाली. "माझी अजून एकच बाजू रंगवून झालीये."